आवरतं घेणं म्हणजे बंद करणं नाही : तीन हजार कोंबड्यांवरून बारावर



मागच्या व्हिडिओत मी आमच्या अण्णांच्या बारा कोंबड्या दाखवल्या. अकरा मिनिटांत हिशोब नीट मांडता आला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तो व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना वाटलं की दादा आता ‘परसात कोंबड्या पाळा आणि लखपती व्हा’ सांगायला लागले. तसं काही नाही. बारा कोंबड्यांनी कोणी लखपती होत नाही, आणि जो होतो म्हणून सांगतो तो तुम्हाला पिल्लं विकायला आलेला असतो.

माझा मुद्दा वेगळा आहे. आपण धंदा सुरू करायचं शिकवतो, वाढवायचं शिकवतो. वय झालं, हातपाय थकले की तो आवरता कसा घ्यायचा, हे कुणीच शिकवत नाही. बी.बी.ए.च्या तीन वर्षांत मलाही कुणी शिकवलं नाही. ते मी अण्णांकडून शिकलो, आणि तेही त्यांचं नुकसान करून. त्यामुळे आधी माझी चूक सांगतो.

माझी चूक

अण्णांनी 2011 मध्ये बँकेचं कर्ज काढून तीन हजार पक्ष्यांचं ब्रॉयलरचं शेड बांधलं. कंपनीबरोबर करार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : करार पद्धतीत पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनी देते. शेड, वीज, पाणी, खाली पसरायचा तूस आणि मेहनत आपली. पक्षी साधारण 40 दिवसांत सव्वादोन किलोच्या आसपास भरला की कंपनीची गाडी येते, वजन करते आणि किलोमागे ठरलेला पालन मोबदला देते. मर जास्त झाली किंवा खाद्य जास्त लागलं की मोबदला कमी होतो. बाजारभावाची डोकेदुखी कंपनीची, पण शेड रिकामं राहिलं तर हप्ता आपलाच.

ते 2020 मध्ये कळलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा मोबाईलवरून पसरली आणि चिकनचे भाव कोसळले. आमच्याकडे जवळजवळ तीन महिने नवीन पिल्लं आली नाहीत. शेड रिकामं, हप्ता चालू. अण्णा तेव्हा 61 वर्षांचे होते.

त्यातून सावरल्यावर 2022 मध्ये मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यापुढे बसलो. तीन हजारांचे पाच हजार पक्षी केले तर वीज, मजुरी, देखरेख यांचा खर्च प्रत्येक पक्ष्यामागे कसा कमी होतो, ते एक्सेलमध्ये रंग भरून दाखवलं. अण्णांनी सगळं शांतपणे बघितलं आणि एकच विचारलं, “पोती कोण उचलणार?” मी म्हटलं, माणूस लावू. ते म्हणाले, “बघू.” आमच्याकडे वडीलमाणूस ‘बघू’ म्हणतं तेव्हा उत्तर ‘नाही’ असतं. मला ते कळायला हवं होतं.

एप्रिल 2023. अण्णांचा गुडघा सुजला होता. आई त्यांना घेऊन तालुक्याला दवाखान्यात गेली. शेडवरचा माणूस गावच्या यात्रेला गेलेला. त्या दिवशी शेडवर मी थांबणार असं ठरलं होतं. मी सकाळी पंखे, फॉगर चालू आहेत बघितलं आणि दोन तासांच्या ट्रेनिंगला निघून गेलो. विषय होता वेळेचं नियोजन. हसू नका.

साडेबाराला लाईट गेली. पक्षी 38 दिवसांचे, विक्रीला आलेले. उन्हाळ्यात सगळ्यात नाजूक वय तेच, कारण वजनदार पक्षी आपल्या अंगातली उष्णता बाहेर टाकू शकत नाही. मी परत आलो तोवर 410 पक्षी गेले होते. संध्याकाळी खड्डा खणला, चुना टाकला. अण्णा सुजलेल्या पायाने खड्ड्याच्या कडेला उभं राहून मोजत होते. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ओट्यावरची बैठक

पुढच्या रविवारी ताई आली आणि घराच्या ओट्यावर बैठक बसली. आईचं म्हणणं, बास झालं, सगळं विका आणि लेकाकडे तालुक्याला चला. ताईचं म्हणणं, शेड भाड्याने द्या. माझं म्हणणं, अजूनही तेच : जनरेटर घेऊ, दुसरा माणूस लावू, पक्षी वाढवू म्हणजे दोन्ही खर्च निघतील.

अण्णा म्हणाले, “शेड बंद करायचं. पण घरामागं डझनभर गावरान ठेवतो.”

मी हसलो. खरंच हसलो. मला वाटलं, मन रमवायला म्हणतायत. मग ते म्हणाले, “अरं, कोंबडी मला अजून कळतीय. पोतं उचलत न्हाई. एवढंच झालंय.”

त्या रात्री मी पहिल्यांदा पोत्यांचा हिशोब केला. ब्रॉयलर पक्षी एका बॅचमध्ये साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. तीन हजार पक्षी म्हणजे साडेदहा टन. पन्नास किलोची 210 पोती. वर्षाला सहा बॅच धरल्या तर 1,260 पोती. गाडीतून गोदामात, गोदामातून शेडमध्ये, म्हणजे प्रत्येक पोतं दोनदा. माणूस असला तरी निम्मी अण्णाच उचलायचे. माझ्या एक्सेलमध्ये खाद्याची किंमत होती, मजुरीचा दर होता, विजेचं युनिट होतं. अण्णांचा गुडघा कुठल्याच रकान्यात नव्हता.

मित्रांनो, लहान धंद्यात मालकाचं शरीर हेच सगळ्यात मोठं मशीन असतं. गिरणीच्या पट्ट्याची झीज आपण धरतो, टेम्पोच्या टायरची धरतो, स्वतःची धरत नाही. मग एक दिवस ते मशीन बंद पडतं आणि घाईघाईत, मिळेल त्या भावाने सगळं विकावं लागतं. आवरतं घ्यायचंच आहे तर मशीन चालू असताना घ्यावं, हे माझं आजचं म्हणणं.

उत्पन्नाचा खड्डा आधी मोजा

आता कुणी असं समजू नका की बारा कोंबड्यांनी तीन हजारांची जागा भरून काढली. अजिबात नाही. बरी बॅच गेली तर वीज, तूस, मजुरी जाऊन अण्णांच्या हातात पंचवीस-तीस हजार उरायचे, ते दोन महिन्यांचे. म्हणजे महिन्याला बारा ते पंधरा हजार, त्यातून हप्ता. हे उत्पन्न गेलं. हा खड्डा खरा आहे आणि आवरतं घेण्याआधी तो कागदावर मोजलाच पाहिजे.

आम्ही तो असा भरला. खाद्याची भांडी, पाण्याची भांडी, पंखे, फॉगर, ब्रूडर हे सगळं चालू स्थितीत असतानाच दुसऱ्या शेडवाल्याला विकलं. वर्षभर धूळ खात पडलं असतं तर भंगाराच्या भावात गेलं असतं. त्यात घरातले थोडे पैसे घालून उरलेलं कर्ज फेडलं. हप्ता संपला की निम्मा खड्डा तिथेच बुजतो, हे लक्षात ठेवा. निम्मं शेड शेजारच्या एकाला कडबा आणि मुरघासाच्या बॅगा ठेवायला भाड्याने दिलं, महिना चार हजार. उरलेलं मी देतो. दर महिन्याच्या पाच तारखेला, न मागता. अण्णांना मागावं लागलं असतं तर त्यांनी पुन्हा शेड सुरू केलं असतं, हे मला माहीत आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. शेवटची बॅच पूर्ण करायची, नवीन पिल्लांना आधीच नाही सांगायचं, सामान चालू असताना विकायचं, कर्ज फेडायचं, आणि मगच लहान कळप आणायचा. आम्ही तलंगा आणल्या त्या शेड बंद झाल्यावर दोन महिन्यांनी. मध्ये जागा रिकामी ठेवली, चुना मारला. जुन्या जागेतला रोग नव्या पक्ष्यांना देण्यात शहाणपण नाही.

बाराचा हिशोब

आता ज्यासाठी तुम्ही आलात तो हिशोब. हे आमच्या घरचे आकडे आहेत. तुमच्या गावात अंड्याचा आणि खाद्याचा भाव वेगळा असेल, तर तुमचा भाव घाला.

शुद्ध गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते, कारण ती मध्येच खुडूक होऊन बसते. सुधारित जाती जास्त देतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा ही नावं तुम्ही ऐकली असतील. वनराजा आणि गिरिराजा मांस-अंडी दोन्हीसाठी, ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यासाठी. अण्णांनी अंड्याकडे झुकणाऱ्या सुधारित गावरान घेतल्या. परसात फिरून, थोडं खाद्य देऊन त्या वर्षाला सरासरी 150 अंडी देतायत. बारा कोंबड्यांची महिन्याला 150 अंडी, म्हणजे दिवसाला पाच.

खाद्य : दिवसाला कोंबडीमागे 70 ग्रॅम, कारण बाकीचं ती किडे, गवत, घरचं उष्टं यातून मिळवते. बंद पिंजऱ्यातल्या लेअरला 110 ग्रॅमच्या आसपास लागतं, तो आकडा इथे धरू नका. महिन्याला 25 किलो, म्हणजे अर्धं पोतं. मक्याचा भरडा आणि लेअर खाद्य मिळून सरासरी 34 रुपये किलो. झाले 850 रुपये.

लस, जंताचं औषध, तूस, शिंपल्याचा चुरा : 120 रुपये.

कोंबडीची झीज : 350 रुपयांना घेतलेली तलंग दोन वर्षं चांगली अंडी देते, मग 230 ला जाते. बारा कोंबड्यांचे महिन्याला 60 रुपये.

एकूण खर्च 1,030.

150 अंड्यांपैकी 60 घरात लागतात. 90 अंडी 13 रुपयांनी विकली जातात, त्याचे 1,170. रोख शिल्लक 140 रुपये.

हो, बरोबर वाचलंत. एकशे चाळीस. घरात खाल्लेल्या 60 अंड्यांची किंमत 780 धरली तर एकूण फायदा 920 रुपये. खुराडं बांधायला वेल्डरने मजुरीसकट साडेसहा हजार घेतले, जाळी आणि पत्रा जुन्या शेडचाच वापरून. म्हणजे ते वसूल व्हायलाच सात महिने. अण्णा सकाळी चाळीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं देतात. महिन्याचे तीस तास. तासाला तीस रुपये पडले. शेतातल्या मजुरीपेक्षा कमी.

मग मी याला शहाणपणाचा निर्णय का म्हणतोय?

कारण या धंद्यात कर्ज नाही. अर्धं पोतं महिन्याला लागतं, तेही आम्ही दहा-दहा किलोच्या पिशव्यांत भरून आणतो. लाईट गेली तरी काही बिघडत नाही. सगळ्या बारा कोंबड्या एका रात्रीत गेल्या तरी चार-साडेचार हजारांचं नुकसान, त्याने घर हलत नाही. आणि चाळीस वर्षं ज्या माणसाने सकाळी उठून जनावरांकडे बघितलंय, त्याला सकाळी उठायला कारण आहे. शेवटची गोष्ट पैशात मांडता येत नाही. पण आईला विचारा, शेड बंद झाल्यावरच्या त्या रिकाम्या दोन महिन्यांत अण्णा घरात कसे वागायचे. ती म्हणते, कोंबड्या आल्या आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं बंद झालं.

बाराच का?

मी म्हटलं होतं, ठेवायच्याच आहेत तर पन्नास ठेवा. अण्णांचं उत्तर होतं : “आजारी पडलो तर तुझ्या आईला जेवढ्या सांभाळता येतील तेवढ्या.” कळपाचा आकडा त्यांनी स्वतःच्या चांगल्या दिवसावरून ठरवला नाही, वाईट दिवसावरून ठरवला. लग्नाला जायचं असलं, दवाखान्यात राहावं लागलं, तर शेजारच्या काकू दोन दिवस बघू शकतील का? बाराला त्या हो म्हणाल्या. पन्नासला म्हणाल्या नसत्या.

माझ्या मते कुठल्याही लहान धंद्याचा आकार ठरवायची हीच खरी पट्टी आहे. चहाची टपरी असो, शिवणकाम असो, माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान असो. तुमच्या सगळ्यात वाईट आठवड्यातही जो चालेल तो तुमचा खरा आकार. त्या एप्रिलच्या दुपारी तीन हजारांचा आकार आमच्या घराला पेलला नाही. पाच हजारांचा काय पेलणार होता?

खुराडंही त्याच विचाराने बांधलं. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, म्हणजे वाकायला नको. अंडी घालायच्या पेट्यांना बाहेरून झाकण, आत शिरायला नको. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते, आम्ही तीन केल्या. रात्रीच्या जागेत कोंबडीमागे दीड-दोन चौरस फूट. समोर फरशी न घालता खडबडीत कोबा, कारण ओल्या फरशीवर घसरून म्हातारपणी खुबा मोडला तर सगळाच हिशोब चुकतो. जाळी बारीक आणि जमिनीत वीतभर पुरलेली. ती आधी वरवर लावली होती, मुंगसाने पहिल्याच महिन्यात एक कोंबडी नेली. बाराच्या अकरा झाल्या, मग अक्कल आली.

कोंबडा ठेवला नाही. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, पिल्लं काढायची असतील तरच लागतो. पहाटे साडेतीनला आरवून शेजाऱ्यांशी भांडण लावणारा आणि पायाला झेप घेणारा कोंबडा सत्तरीकडे चाललेल्या माणसाला काय कामाचा?

आणि एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवली : दोन वर्षांनी म्हाताऱ्या कोंबड्यांचं काय. कोंबडी पाच-सात वर्षं जगू शकते, अंडी मात्र दोन वर्षांनी उतरतात. नाव ठेवलेली कोंबडी विकायला अण्णाही कचरतात, मी बघितलंय. म्हणून नियम केला की दरवर्षी निम्म्या बदलायच्या, आणि एक ‘राणी’ तेवढी विकायची नाही. एक कोंबडी आयुष्यभर फुकट खाल्ली तरी चालेल. सगळ्याच फुकट खायला लागल्या तर मग तो हिशोब राहत नाही, फक्त माया राहते. तीही चालेल, पण मग तिला धंदा म्हणू नका.

जोखीम लपवणार नाही

लहान कळप म्हणजे रोग नाही, असा एक गैरसमज आहे. राणीखेत परसातल्या बारा कोंबड्याही तीन-चार दिवसांत झोपवतो. लस लागतेच. अडचण अशी की लासोटाची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसची येते, कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते आणि आणताना बर्फात आणावी लागते. बारासाठी कोण आणणार? आमच्या वाडीतल्या सहा घरांनी एकत्र येऊन दिवस ठरवलाय. एक जण पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून आणतो, सगळे त्याच सकाळी पाजतात. पाणी नळाचं क्लोरिनचं नको, विहिरीचं किंवा बोअरचं घ्यायचं.

बर्ड फ्लू तर कुणाला सुटत नाही. देशातला पहिला प्रादुर्भाव 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाला होता. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात झाला. रोग निश्चित झाला की आजूबाजूच्या एक किलोमीटरमधले पक्षी नष्ट करतात, त्यात परसातलेही येतात. म्हणून अचानक जास्त मर दिसली तर लपवू नका, पक्षी विकू नका, दवाखान्यात कळवा. शेजाऱ्याच्या शेडवर कर्ज असतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी : कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुवा, खुराडं झाडताना तोंडाला रुमाल बांधा. दम्याचा त्रास असेल तर झाडायचं काम दुसऱ्याने करावं.

आणि सगळ्यात मोठी जोखीम स्वप्न विकणाऱ्यांची. 2019 मध्ये आमच्याच सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कडकनाथचं प्रकरण गाजलं, आठवतंय ना? पिल्लं महाग विकायची आणि अंडी-कोंबड्या आम्हीच चढ्या भावाने घेऊ असं सांगायचं. कितीतरी लोकांचे पैसे बुडाले. कडकनाथ जातीत खोट नाही, झाबुआच्या त्या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. खोट त्या ‘आम्हीच परत घेऊ’मध्ये होती. निवृत्तीचे पैसे हातात असलेला माणूस अशांना लांबून ओळखू येतो. तुमच्या आईवडिलांना आधीच सावध करा. दिवसाला पाच अंडी शेजारी आणि वाडीतच खपतात, त्याला कुठल्याही कंपनीची गरज नाही.

“मग हा धंदा की छंद?”

ट्रेनिंगमध्ये एका तरुणाने मला हे तोंडावर विचारलं. प्रश्न रास्त आहे. महिन्याला 920 रुपयांना धंदा म्हणायचं का?

माझं उत्तर : अण्णा वही ठेवतात. किती अंडी आली, किती गेली, कोणाकडे किती बाकी. सणाच्या आठवड्यात भाव काय ठेवायचा ते ठरवतात. श्रावणात मागणी पडते म्हणून त्या महिन्यात खाद्य जपून आणतात. नुकसान झालं तर कारण शोधतात. ज्याचा हिशोब ठेवला जातो आणि जो स्वतःच्या खर्चाने उभा राहतो, तो धंदा. आकड्यामागे किती शून्यं आहेत त्यावर ते ठरत नाही. उलट पाच हजार पक्ष्यांची जी शीट मी रंगवली होती, त्यात मालक अंथरुणाला खिळला तर काय, याचं उत्तरच नव्हतं. ती शीट छंद होती, माझा.

तरीही हा मार्ग सगळ्यांसाठी आहे असं मी म्हणणार नाही. अण्णांकडे घरामागे दीड गुंठा जागा आहे, थोडा ऊस आहे, दोन कमावती मुलं आहेत. ज्यांचं पोट शेडवरच चालतं त्यांना शेड बंद करा म्हणणं सोपं नाही. त्यांच्यासाठी मधली पायरी असते : तीन हजारांचे दीड हजार करणं, उन्हाळ्यातली बॅच न घेणं, शेड भागीदारीत देऊन देखरेख तेवढी स्वतःकडे ठेवणं. एकदम बारावर यायलाच पाहिजे असं नाही. पण पायऱ्या आधी बांधून ठेवाव्या लागतात, म्हातारपणी जिन्यावरून उडी मारता येत नाही.

शेवटचं पान

माझ्याकडे जे बिझनेस प्लॅन दाखवायला आणतात, त्यांच्याकडून आता मी एक जास्तीचं पान मागतो. त्याला मी शेवटचं पान म्हणतो. त्यावर चार ओळी लिहायच्या.

एक, या धंद्यात माझ्या शरीराला रोज काय करावं लागतं : किती वजन, किती तास उभं, किती जागरण.

दोन, ते मला कितव्या वर्षापर्यंत झेपेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्याच्या आधी कर्ज संपलं पाहिजे.

तीन, आकार निम्मा केला तर कुठला भाग ठेवायचा. जो मला सगळ्यात चांगला कळतो तो, की जो सगळ्यात जास्त पैसे देतो तो? दोन्ही वेगळे असू शकतात.

चार, मी एक आठवडा नसलो तर कोण बघेल. नाव लिहायचं. ‘माणूस लावू’ हे नाव नाही.

पंचविशीतली पोरं हे पान भरताना हसतात. मीही त्या ओट्यावर हसलो होतो.

आणि ज्यांचे आईवडील आज धंदा आवरता घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना एक विनंती. त्यांना हरल्यासारखं वागवू नका. ‘आता आराम करा’ म्हणून सगळंच हातातून काढून घेऊ नका, आणि माझ्यासारखं एक्सेल घेऊन वाढवायलाही बसू नका. त्यांना विचारा की यातलं तुम्हाला काय ठेवायचंय. उत्तर लहान येईल, कदाचित हसू येण्याइतकं लहान. ते ऐका आणि पाच तारखेला पैसे पाठवा.

व्हिडिओ शूट करताना मी अण्णांना कॅमेऱ्यासमोर विचारलं होतं, शेडची आठवण येते का. तो भाग मी कापला, कारण ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “उन्हाळ्यात लाईट गेली की अजून जाग येते. मग आठवतं, आता काय न्हाई तिकडं. मग झोपतो.”

माझ्यासाठी या सगळ्या हिशोबातली नफ्याची ओळ हीच आहे.

तुमच्या घरी कोणी असा धंदा आवरता घेतला असेल तर त्यांची वही एकदा उघडून बघा. पुढच्या भागात भेटू. तोवर हिशोब लिहीत राहा.